शांततेचं ठिगळ

२२ फेब्रुवारी

आजपासून माझी दैनंदिनी. लोक लिहितात, मी बोलणार. मला जन्मापासून दिसत नाही, आणि ब्रेलच्या पाटीवर टोचत बसून रोजचं रडगाणं लिहायला मला काही वेड लागलेलं नाही. त्यापेक्षा हे नवं यंत्र बरं. तळहातात मावतं, बटणं उठावाची आहेत, आणि कुठलंही बटण दाबलं की आतली बाई इंग्रजीत सांगते, फाईल कुठली, बॅटरी किती, कार्ड किती भरलं. आईनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव मिठ्ठू ठेवलं. रेकॉर्डिंगच्या बटणावर माझ्या भावजयीची, दिपमालाची एक टिकली चिकटवून दिली, माझं बोट चुकू नये म्हणून. बोट चुकत नव्हतंच. पण तिचं समाधान.

धुळ्याच्या एका अंध मुलींच्या वसतिगृहानं आम्हाला भूगोलाचं पुस्तक बोलकं करायला दिलंय. वाचणारी आई, कापणारी नि जोडणारी मी. आई म्हणजे तानुबाई, आयुष्यभर अंगणवाडीत पोरं सांभाळली, आवाज असा खणखणीत की मागच्या गल्लीत ऐकू जावा. पण खोड एक. वाचता वाचता मध्येच माझ्याशी बोलते. 'टुंड्रा प्रदेशात वर्षातील बराच काळ जमीन गोठलेली असते. काबरं गं कामे, एवढ्या थंडीत माणसं राहतात तरी कशाला? आपल्या जळगावात येऊन राहा म्हणावं.' आता हे मी मुलींना कसं ऐकवू? कापावं लागतं. कापलेले सगळे तुकडे मी एका फोल्डरमध्ये टाकते, त्याचं नाव कचरा. नवल म्हणतो, 'अक्का, कचरा कुणी जपून ठेवतं का?' मी म्हटलं, आईचा आहे, राहू दे.

नवल माझा धाकटा भाऊ. डाळ मिलमध्ये सुपरवायझर आहे. संध्याकाळी येऊन माझ्याजवळ संगणकावर हे काम शिकतो. हात हलका आहे त्याचा, पण दहादा सांगावं लागतं. त्याला दोन गोष्टी घोकून घेतल्यात. एक, वाक्याआधीचा श्वास काढ, ऐकणाऱ्याला त्याचा त्रास होतो. दोन, जिथं कापशील तिथं भोक ठेवू नको. त्याच खोलीची शांतता लाव. शांतता काही सगळीकडे सारखी नसते. माजघराची वेगळी, ओसरीची वेगळी. म्हणून मी प्रत्येक खोलीत कुणालाही बोलू न देता नुसती शांतता भरून ठेवते, आणि कापलेल्या जागी तिचं ठिगळ लावते. शिवण कळता कामा नये.

माजघराची शांतता आज दोनदा भरावी लागली. पहिल्या वेळी माठाची तोटी खालच्या वाकड्या ताटलीत ठिबकत होती. टप्प, मग बराच वेळ काही नाही, मग टप्प. पंखाही वर टकटक करतच होता, पण तो आईच्या वाचनातही आहे, तो चालतो. आईनं तोटीखाली फडकं ठेवलं तेव्हा दुसरी नीट झाली. नवलला सांगितलंय, पहिली टाकून दे.

ही दैनंदिनी मात्र 'खाजगी' नावाच्या फोल्डरमध्ये आहे, आणि त्यात कुणी बोट घालायचं नाही. 'नाही गं अक्का, शप्पथ,' म्हणाला.

१ मार्च

आई धुळ्याला गेली, भिकुमावशीकडे. गेले कित्येक दिवस तिला दम लागतोय. जिना चढली की एक शब्द बोलायला दोन श्वास घ्यावे लागतात, आणि मग मी ते श्वास कापत बसते. मावशीच्या ओळखीचा चांगला डॉक्टर आहे तिकडे. टुंड्राचा धडा अर्धाच झाला. शेवटचाच धडा.

निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, 'आखाजीले येस मी. राहिलेलं तेव्हा वाचू. तोवर त्या थंडीतल्या लोकांना जरा थांबू दे.'

मी म्हटलं, नक्की? ती म्हणाली, 'आखाजीला मी कधी घरी नाही असं झालंय का?'

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीएवढी. खरंच झालेलं नाही.

९ मार्च

सकाळी नवल आणि दिपमाला घाईघाईनं धुळ्याला गेले. आईच्या तपासण्या आहेत म्हणे. मी म्हटलं मीही येते, तर नवल म्हणाला, 'दवाखान्यात किती गर्दी असते, अक्का, तुझे हाल होतील.' माझे हाल! जसं काही मी कधी गर्दी पाहिलीच नाही. बरं, नाहीच पाहिली. पण आवाज नीट लागत नव्हता त्याचा. शिंक दाबल्यासारखं बोलत होता.

शेजारच्या अमिनाबी दिवसभर माझ्याजवळ बसून होत्या. आल्या आल्या म्हणाल्या, 'बेटी, आज चूल मत जला, मैं लाई हूँ.' खिचडी आणली होती. मग समोरच्या सुगंधाबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या. नंतर अजून कुणीतरी डबा ठेवून गेलं, बोललंसुद्धा नाही. मी हसून म्हटलं, अहो, एकटी आहे म्हणून काय मी उपाशी मरणार आहे का? कुणी हसलं नाही. गल्लीतली माणसं मात्र सोन्यासारखी, हे मान्य केलं पाहिजे.

१२ मार्च

नवल आला. दिपमाला आईजवळ राहिलीय. त्याचा घसा पार बसलाय. रसवंतीवर बर्फ घालून रस प्यायला म्हणे. एवढा मोठा झाला, अक्कल नाही.

मी विचारलं, 'आईचा काही निरोप?' तो जरा थांबला. मग म्हणाला, 'हो. डॉक्टरांनी बोलू नको सांगितलंय, पण रेकॉर्ड करून पाठवते म्हणाली.'

संध्याकाळी माझ्या फोनवर आला. नवलच्या फोनवरून पुढे पाठवलेला. आईचाच आवाज: 'कामे, डोक्याला तेल लाव गं. जेवून घे.' एवढंच. पण एका श्वासात, दम न लागता. मला इतका आनंद झाला की मी तो लागोपाठ ऐकत राहिले. औषध लागू पडलंय म्हणायचं.

२३ मार्च

घरात काहीतरी बदललंय आणि ते मला बोटानं दाखवता येत नाही. होळीला पुरण केलं नाही. दिपमाला तोवर परत आली होती, म्हणाली डाळ शिजलीच नाही. डाळ मिलवाल्याच्या घरात डाळ शिजत नाही! आणि नवल मधे परत दोन-तीन दिवस धुळ्याला जाऊन आला, मिलच्या कामाला. परत आल्यापासून सकाळी आरशासमोर कंगवा फिरवत नाही. तो स्टीलचा कंगवा, त्याचा केसांतून जाताना आवाज व्हायचा, मग कडप्प्यावर ठक्कन ठेवायचा. रोजचं घड्याळ होतं ते माझं. विचारलं तर म्हणाला, 'उन्हानं डोकं तापतं, टोपी घालतो आता.' घरातसुद्धा?

मी त्याच्या डोक्याला हात लावायला गेले तर चटकन मागे सरला.

त्यानं एक काम मात्र चांगलं केलं. माठाला नवी तोटी बसवली. आता थेंबसुद्धा पडत नाही.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली नाही. काठी मोडली म्हणे. काठी काय सोन्याची असते का, दुसरी आणायला? मी भांडले. दिपमाला नुसती उभी राहिली. तिच्या बांगड्यासुद्धा वाजल्या नाहीत, इतकी उभी राहिली. मग नवल म्हणाला, 'अक्का, पुढच्या वर्षी उभारू ना.' एवढ्या नरमाईनं म्हणाला की माझाच राग मला लाजवायला लागला.

दुपारी खोलीत येऊन दार लावून मी रडले. कुणाला सांगू नको, मिठ्ठू. तुलाच सांगतेय. आईशिवायचा सण म्हणजे घर गिळायला उठतं.

३१ मार्च

सकाळी आईचा निरोप. 'रडू नको गं, वेडे.'

आधी मला हसू आलं. आईला कसं बरोबर कळलं! मग मी फोन खाली ठेवला. मी रडले ते दार लावून, आवाज न करता. तिला धुळ्यात कसं कळलं?

४ एप्रिल

काल दुपारी मी जेवले नाही. भूकच नव्हती. जेवले असं दिपमालाला वाटावं म्हणून ताट घेतलं आणि गच्चीवर कावळ्यांना घातलं. हे मी काल झोपण्याआधी फक्त मिठ्ठूला सांगितलं होतं. एकच वाक्य, म्हणून तारीखसुद्धा घातली नव्हती.

आज आईचा निरोप: 'जेवलीस का? खरं सांग.'

भिकुमावशीला फोन लावला. म्हटलं, मावशी, आईकडे द्या, एकच मिनिट. मावशी म्हणाली, 'तुनी माय जपेल शे, बेटा. उठाडू नको तिले.' झोपलीय तर झोपू दे. पण मावशी इतक्या हळू का बोलते? ती तर शेतातल्या माणसाला बांधावरून हाक मारल्यासारखी बोलते नेहमी. मी विचारलं, 'आखाजीला येईल ना?' मावशीनं फोन ठेवला. लाईन गेली असेल.

९ एप्रिल

आज गल्लीतल्या शिंप्यानं, रहीमभाईंनी माझा हेडफोन परत दिला. कानावरच्या गाद्या फाटल्या होत्या, त्यांनी शिलाई मशीनवर नव्या शिवून दिल्या, कापूस घालून. 'ले बहन, एकदम नया.' महिनाभर मी उघड्या फोनवरच ऐकत होते, वर पंख्याची टकटक, खाली रस्ता. आज पहिल्यांदा कान बंद करून आईचे निरोप ऐकले.

मला आधी मागचा आवाज ऐकू आला नाही. मी आईच्या आवाजातच होते. दुसऱ्यांदा ऐकताना शब्द संपल्यावर मागे एक पंखा सापडला. प्रत्येक फेरीला टक. ठीक आहे, मावशीकडेही जुना पंखा असेल.

मग टप्प.

मी थांबवलं. मागं नेलं. परत लावलं. टप्प. मग बराच वेळ काही नाही. मग टप्प. स्टीलच्या ताटलीत पडणारा थेंब, ताटली जराशी वाकडी, म्हणून आवाज शेवटी किंचित वर जातो. ती ताटली माझी मी घासलीय हजारदा.

हे धुळं नाही. हे आमचं माजघर आहे. जगात दुसरीकडे कुठंही ही शांतता नाही, हे मी माझ्या कानांची शप्पथ घेऊन सांगते.

उठून माजघरात गेले. माठाच्या तोटीला बोट लावलं. कोरडी. खाली ताटली नाही.

१२ एप्रिल

दोन दिवस बोलले नाही. मिठ्ठूशीही नाही. भीती वाटत होती.

मी वेडी नाही, हे आधी नोंदवून ठेवते. पण मला असं वाटतंय की आई घरात आहे.

जळगावची एप्रिलमधली दुपार. गल्लीत चिटपाखरू नसतं, रहीमभाईंची मशीनसुद्धा बंद. लाईट गेली. पंखा मंद होत होत थांबला, टक, टक, आणि मग काहीच नाही. मी माजघराच्या मधोमध पाट घेऊन बसले आणि हळूच हाक मारली, 'आई.' एकदाच. कुणी आहे असं वाटत होतं. ज्या बाजूला माठ आहे त्या बाजूला. माणूस उभा असला की तिकडून आवाज परत येताना जरा मऊ येतो, हे मला कुणी शिकवावं लागत नाही. तिकडून मऊ येत होतं.

मी म्हटलं, 'आई, तू इथं असशील तर बोलू नको, दम लागेल. नुसती ताटली वाजव.'

मागे दाणकन भांडं पडलं आणि माझी बोबडीच वळली. दिपमाला होती. दारात उभं राहून सगळं ऐकत होती. 'अक्का, अक्का,' एवढंच म्हणत मला घट्ट धरून बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. मी तिला विचारलं, तुलाही वाटतं ना ती इथंय? ती म्हणाली, 'मला माहीत नाही अक्का, मला काही विचारू नका.'

बिचारी घाबरली. मी तिला पाणी दिलं.

१५ एप्रिल

भीतीला एक मर्यादा असते, मग राग येतो. आज माझा राग जागा झाला. भुताला एवढं सगळं कळतं ना? मग बघू.

मिठ्ठू, ऐक. आज मी जिन्यावरून पडले. गुडघा फुटला. खूप लागलंय. कुणाला सांगितलं नाही.

मी पडलेले नाही. गुडघा ठणठणीत आहे.

आता त्या पडल्याच्या वाक्यांखेरीज आजचं मागचं-पुढचं सगळं मी कापते, आणि 'नव्या' नावाच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवते. कापलेल्या जागी ठिगळ. शिवण कळणार नाही.

१६ एप्रिल (नव्या फोल्डरमध्ये)

आला. नाश्त्याच्या वेळेलाच आला. 'अगंबाई! लागलं का गं? बघू.'

हे वाक्य मला माहीत आहे.

फेब्रुवारीत मी उठताना पत्र्याच्या पेटीवर गुडघा आपटला होता. आई वाळवंटाचा धडा वाचत होती. वाचता वाचता थांबली आणि हेच म्हणाली, हेच शब्द, 'बघू' म्हणताना पुस्तक खाली ठेवल्याचा आवाजसुद्धा हाच. मीच कापलं होतं ते. मीच कचऱ्यात टाकलं होतं.

कचरा उघडला. एकेक तुकडा लावत गेले. 'डोक्याला तेल लाव गं.' आहे. 'जेवलीस का? खरं सांग.' आहे. 'रडू नको गं, वेडे.' हे माझ्या वाढदिवशी म्हणाली होती, मी गेलेल्या वडिलांच्या, नानांच्या आठवणीनं रडले तेव्हा. सगळे आहेत. प्रत्येकाच्या पुढचा श्वास काढलेला. प्रत्येकाच्या मागे माजघराची शांतता, आणि तीही चुकीची, टाकून दे म्हटलेली. माठ ठिबकणारी.

माझ्या हाताखाली शिकलेला माणूस या गल्लीत एकच आहे.

मग मला कंगवा आठवला. टोपी. खिचडी. मोडलेली काठी.

मी यंत्र बंद करते.

२९ एप्रिल

नवल.

तू हे ऐकणार आहेस, म्हणून आज तुझ्याशीच बोलते. मघापासून तुझ्या चपला दाराशी वाजताहेत, तू आत यायचं की नाही ठरवतोयस. नको येऊस. आधी हे ऐक.

मला कळलंय. त्या सकाळी तुम्ही दोघं घाईनं का गेलात ते, आणि अमिनाबींनी चूल पेटवू का दिली नाही ते. तुझ्या डोक्याचे केस आता कितपत वाढलेत रे? अर्धा बोट?

तेरा दिवस मी तुला विचारलं नाही. एकदा मनात आलं, तुझं डोकं भिंतीवर आपटावं. शप्पथ सांगते, तुझं नाही तर माझं. माझ्या आईला शेवटचं पाणी पाजायचा हक्क तुझा एकट्याचा होता का? तिच्या कपाळावरून हात फिरवायचा होता मला. मला दिसत नाही, नवल, मला तिचं तोंड हातानंच बघायचं होतं. तेही तू घेतलंस. आणि वर तिचा आवाज मला चमचा-चमचा पाजलास, मी कापून टाकलेला.

आणि मी! आख्ख्या जिल्ह्यात ठिगळ ओळखणारी मीच, असा माझा तोरा. दीड महिना ऐकत राहिले. ऐकायचंच होतं ना मला, म्हणून.

काल तू माठाजवळ बसून दिपमालाला हळू आवाजात सांगत होतास, मी ऐकलं. नाना गेल्यावर अक्का वर्षभर बोलली नव्हती, परत तसंच होईल. आणि पुढे म्हणालास, 'तिनं विचारलं, निरोप आला का, आणि माझ्या तोंडातून हो गेलं. एकदा हो म्हटल्यावर नाही कसं म्हणू?' एवढंच कारण? मला वाटलं होतं मोठं काही असेल. पण तू लहानपणापासून असाच. फुटलेली बशी परत मांडणीवर ठेवून द्यायची, नीट दिसेल अशी.

तुला माझा राग ऐकायचा होता ना, ऐकलास. आता एक काम कर. उद्या आखाजी आहे. नानांची घागर दरवर्षी भरतोस तशी भर. आणि गेलेल्या माणसाची घागर पहिल्या वर्षी वेगळी भरायची असते, ती चोरून मागच्या अंगणात भरायची नाही. माजघरात भरायची. माझ्यासमोर. निखाऱ्यावर आगारीचा घास टाकताना नाव मोठ्यानं घ्यायचं.

आखाजीला ती कधी घरी नाही असं झालेलं नाही.

३० एप्रिल

सकाळी दिपमालानं सांजोऱ्या तळल्या, त्याचा वास घरभर झाला. वर्षभर सण नको म्हणणाऱ्या घरात आज कढई चढली, कारण हा सण गेलेल्यांचाच. गल्लीत माहेरवाशिणी पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, नेहमीसारख्या बेसूर.

मी माजघरात पाटावर बसले. नवलनं गहू पसरले. त्यावर घागर ठेवल्याचा आवाज आला, मातीचा. मग दुसरी. मी हात पुढे केला, तो त्यानं धरला आणि दुसऱ्या घागरीवर ठेवला. नवी कोरी, गार. आधी नानांची भरली. पाणी भरताना आवाज वर वर चढत जातो, काठाशी आला की बंद. मग दुसरी भरायला लागला. ती अर्ध्यावर आली आणि त्याचा हात थांबला.

'भर,' मी म्हटलं. 'अर्धवट ठेवायची नाही.'

भरली. वर खरबूज, आमचं डांगर, ठेवलं. निखाऱ्यावर तूप सोडलं तसं ते चुरचुरलं. घास टाकत नवल नावं घेऊ लागला. पणजोबा, आजोबा, नाना. मग काहीच नाही. निखारे तडतडत होते. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. टोपी नव्हती. केस टोचले हाताला, खरबरीत, नुकते उगवलेले. या हातांनी मी तेवढंच तिचं मरण बघितलं.

'तानुबाई,' मी म्हटलं. मोठ्यानं. मागच्या गल्लीत ऐकू जाईल असं.

मग तोही म्हणाला. मग मात्र आम्ही तिघांनी एकमेकांना धरून काय ते रडून घेतलं. अमिनाबी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्याही रडल्या. बिचाऱ्यांनी दीड महिना तोंड शिवून ठेवलं होतं.

२ मे

आज मिठ्ठू हातात घेतला तर बाईनं सांगितलं, खाजगी फोल्डरमध्ये एक फाईल जास्त आहे. मी भरलेली नाही. काल दुपारची.

हेडफोन लावला. नवल. यंत्र चालू करून माजघरात बसलाय. बोलायला आला असावा, पण बोललेला नाही. 'अक्का' म्हणतो आणि थांबतो. नुसते श्वास. लांब, ओले, अडकत अडकत घेतलेले. मी त्याला कापायला शिकवलेले सगळे श्वास, एकही न कापता. मी शेवटपर्यंत ऐकले. माझा राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही लवकर. पण ते श्वास ऐकताना मला वाटलं, आईचे मी किती काढून टाकले. ती एकेका शब्दासाठी दोन दोन घेत होती. त्यांतला एक जरी आज असता.

फाईल संपता संपता, नवलच्या दोन श्वासांच्या मधे, टप्प.

मी मागं नेलं. परत लावलं. टप्प. मग बराच वेळ काही नाही. मग टप्प, शेवटी किंचित वर जाणारं, वाकड्या ताटलीचं.

नवलला बोलावलं. त्याच्या हातात हेडफोन दिला. त्यानं ऐकलं. मी विचारलं, 'ठिगळ लावलंस?' तो म्हणाला, 'अक्का, आईची शप्पथ, मी ही फाईल संगणकावर घेतलीसुद्धा नाही.' खोटं बोलताना तो शिंक दाबल्यासारखा बोलतो. आता तसा बोलला नाही.

दोघं माठाजवळ गेलो. मी तोटीला बोट लावलं, त्यानं लावलं. कोरडी. घागरी कालच उचलून झाल्यात. ताटली मांडणीवर आहे, तीही कोरडी.

त्यानं माझा हात धरला होता की मी त्याचा, आठवत नाही.

ती फाईल मी कापणार नाही. नवलनं विचारलं, टुंड्राचा राहिलेला धडा कोण वाचणार. मी म्हटलं, तू. पुढचा आठवडा आहे वसतिगृहाला द्यायला. आईचा अर्धा, तुझा अर्धा, श्वासांसकट, आणि तिची थंडीतल्या लोकांबद्दलची बडबडही कचऱ्यातून काढून परत जागेवर लावायची. मुलींना कळू दे ही बाई कशी वाचायची ते.

उद्या दुपारी बसू, लाईट असो नसो. मिठ्ठू माठाच्या बाजूला ठेवीन.